पंख्याचा इंजिनाशी काडीमोड

[दृश्य: पहाटेचा अंधार. पिकअपची चावी फिरते.]

ऐकलंत? इंजिन सुरू झालं आणि पाठोपाठ हा घोंघाट. हा आवाज इंजिनाचा नाही, पंख्याचा आहे. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, अजून कोमटसुद्धा झालेलं नाही, तरी पंखा जिवाच्या आकांतानं वारा ओढतोय. मिनिटभरात आवाज विरेल. रात्रभर गाडी उभी असताना फॅन क्लचमधलं, म्हणजे पंखा इंजिनाला जोडणाऱ्या पकडीतलं, सिलिकॉन तेल नको त्या कप्प्यात उतरतं. ते परत साठ्यात गेलं की क्लचची पकड ढिली होते. आज हा पंखा काढून विजेचा बसवायचाय.

[दृश्य: दिवस. उघडं बॉनेट, बेल्ट, पंखा, रेडिएटर.]

पिकअपचं इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, तोंड थेट रेडिएटरकडे. म्हणून वॉटर पंपाच्या शाफ्टवरच पंखा चढवला की काम झालं. इंजिन आडवं बसलं की ही सोय जाते. 1959 च्या मिनीत तर रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कमानीशी नेला होता, पण पंखा बेल्टवरच ठेवला! पुढे आडव्या इंजिनांच्या गाड्यांनी विजेचा पंखा धरला. पिकअपचा जुना संसार मात्र चालू राहिला.

या संसारात एक कायमची विसंगती आहे. गर्दीत गाडी उभी असते, तेव्हा वारा सर्वांत जास्त हवा, आणि नेमकं तेव्हाच इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू. मोकळ्या रस्त्यावर समोरून आपोआप वारा येतो, तेव्हा पंखा जोरात. शिवाय पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. क्लच हे बरंच सावरतो, हे मान्य करायला हवं. पण पूर्ण मोकळा तो कधीच सोडत नाही.

मग विजेचा पंखा लावला की गाडीची ताकद वाढते का? असं सांगणारे पुष्कळ भेटतील. आपण हिशोब करू. दोन पंखे, प्रत्येकी 20 अँपिअर, 14 व्होल्ट. झाले 560 वॅट. ही वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनानं फिरवलेला वीज बनवणारा यंत्रभाग, फुकट देत नाही. त्यातली गळती धरली तर इंजिनाकडून साधारण एक किलोवॅट जातो, म्हणजे सव्वा-दीड हॉर्सपॉवर. फायदा आहे तो एवढाच की हा खर्च लागेल तेव्हाच होतो. त्याच्यासाठी एवढा खटाटोप करावा का, हे गाडी काय काम करते त्यावर ठरतं.

[दृश्य: मोठा पाना, फॅन क्लचचा नट.]

जुना पंखा उतरवणं तासाभराचं काम. नट कुठल्या दिशेला सुटतो ते आधी बघावं, काही इंजिनांवर आटे उलटे असतात. आणि ज्या बोल्टांनी पंखा धरलाय त्यांनीच पुलीही धरली असेल, तर आखूड बोल्ट हाताशी हवेत.

[दृश्य: नवे दोन पंखे, सोबत ॲल्युमिनियमचा श्राउड.]

श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण. त्याच्याशिवाय पंखा म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. पात्यांसमोरचं वर्तुळ तेवढं गार होतं, रेडिएटरची बाकी जाळी गरमच राहते. श्राउडनं जाळीचा जवळजवळ सगळा चेहरा झाकायला हवा. मात्र वेगात हाच श्राउड वाऱ्याला अडवतो, म्हणून त्यात रबरी झडपा असतात. समोरून दाब आला की त्या उघडतात. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार ओवून पंखा बांधू नये. थरथरीनं त्या नळ्यांना घासतात, आणि मग एक दिवस कुलंट रस्त्यावर.

आता खरं काम, वायरिंग. इथेच बहुतेक प्रयोग फसतात, आणि दोष येतो पंख्यावर.

[दृश्य: रिलेच्या पिना, जवळून.]

रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच. त्यावर 30, 87, 85, 86 असे आकडे कोरलेले असतात. ते जर्मन डीआयएन 72552 मानकातून आले. 30 ला बॅटरीची जाड तार, 87 मधून पंख्याकडे, आणि 85-86 मध्ये रिले ओढणारं छोटंसं कॉइल. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण तो पंख्याला नाही, तारेला वाचवतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट खेचते, म्हणून दोन्ही पंखे एकाच क्षणी सुरू न झालेले बरे.

अर्थिंगकडे सगळ्यांचं दुर्लक्ष. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थ नव्हे, रंग खरवडा. पंखा पूर्ण वेगात असताना मीटर बॅटरीवर लावा, मग मोटरच्या टोकाला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर तार बारीक आहे किंवा तिच्या टोकाची लग नीट दाबलेली नाही.

[दृश्य: रेडिएटरसमोर धरलेला कागद.]

कागद जाळीला चिकटायला हवा. चिकटला नाही, उडून गेला. दोन तारांची अदलाबदल झाली होती, पंखा उलटा फिरत होता. रस्त्यावर तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजला असता.

तारा बदलल्या. कागद चिकटला.

पंखा कधी सुरू व्हावा? थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंट तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, 88 अंशांना उघडत असेल, तर पंखा 95 ला सुरू आणि 90 ला बंद, असं काहीसं. 80 वर लावला तर तो कधी थांबणारच नाही. त्या तापमानाखाली इंजिनाला थर्मोस्टॅटच जाऊ देत नाही. सेन्सर जाळीत खोचण्यापेक्षा आट्यांनी इंजिनात बसलेला भरवशाचा. आणि एसी असेल तर कंप्रेसरबरोबर पंखाही लागायला हवा. उभ्या गाडीत एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला दुसरा वारा नाही.

इंजिन बंद केल्यावरही पंखा चालू ठेवायचा हट्ट अनेकांचा असतो. वॉटर पंप थांबला की कुलंट फिरत नाही, मग पंखा गार करतो फक्त रेडिएटर, आणि रिकामी करतो बॅटरी. इथे तो चावीसोबत बंद होतो.

[दृश्य: चढाचा रस्ता. मागे जड ट्रेलर. काटा.]

काटा 95 पार गेला, दोन्ही पंखे लागले. 98. बराच वेळ 98. एसी बंद केला, काटा किंचित उतरला. जड ओझं, सावकाश वेग, लांबचा चढ: क्लचचा मोठा पंखा इथे अजूनही भारी पडतो. रोज असं ओढायचं असेल, तर मी हा बदल करणार नाही.

[दृश्य: वर्कशॉपचा कोपरा.]

जुना पंखा, क्लच आणि त्याचा श्राउड मालकानं भंगारात दिलेला नाही. तिन्ही पुसून, गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. नट आणि जुने लांब बोल्ट एका डबीत, वर खडूनं खूण: उलटे आटे.