पाला चुरगाळल्याशिवाय वास सुटत नाही

नमस्कार मंडळी, रामराम. जून लागला, निंबोळ्या पिकून खाली पडायला लागल्या, पाऊस यायच्या आत गहू, तुरीची डाळ भरून ठेवायची घाई सगळ्यांच्याच घरी सुरू आहे, म्हणून आज वासाच्या झाडांवर बोलते. निंब, निर्गुडी, तुळस, गवती चहा. आपल्या दारात नाहीतर बांधावर ही असतातच, पण त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे आपण विसरत चाललो असं मला फार वाटतं.

आता पाहा, नर्सरीत आजकाल 'मच्छर पळवणारं झाड' म्हणून कुंडी विकतात. मीही गवती चहाची कुंडी दोन वर्षं खाटेजवळ ठेवली, मच्छर होते तेवढेच राहिले. कारण असं आहे की वासाचं तेल पानाच्या आत बंद असतं, पान अख्खं असेपर्यंत ते फारसं बाहेर येत नाही. तेच पातं हातात घेऊन चोळा, लगेच लिंबासारखा वास येतो, तो वास किड्यांना नको असतो. पण तोही तास-दीड तासात उडून जातो, मग परत चोळावं लागतं. म्हणजे झाड लावून बसायचं नाही, त्याला हात लावायचा.

हीच गोष्ट धान्यात. निर्गुडी तर तुम्ही ओळखता, नाल्याच्या काठानं वाढते, पंजासारखी पाच पानं, जांभळट फुलं, आणि त्या उग्र वासापायी जनावर तोंड लावत नाही म्हणूनच कुंपणाला टिकते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी मोठ्या हौसेनं निंबाचा आणि निर्गुडीचा ताजा पाला तोडून थेट गव्हाच्या टिपाडात घातला आणि झाकण लावलं. महिन्याभरानं उघडलं तर पाल्याभोवतीचा गहू गोळा झालेला, वर पांढरी बुरशी आणि कुबट वास. सासूबाईंनी मूठभर गहू हातावर घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "ओला पाला काहून टाकला वं माय? त्याले सावलीत वाळू दे, मुठीत धरला का कुरकुर वाजला पायजे." सावलीतच, हे महत्त्वाचं, कारण कडक उन्हात वासाचं तेल उडतं आणि निंबातलं औषधी तत्त्वही उन्हानं कमी होतं.

तेव्हापासून मी असं करते: आधी धान्य चांगलं उन्हात वाळवायचं, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, मग थंड होऊ द्यायचं, मग एक थर धान्य, वर वाळलेल्या पाल्याची ओंजळ, परत धान्य. दिवाळीच्या आसपास पाला बदलायचा कारण तोवर वास गेलेला असतो. डाळीला मी थोडं तेलाचं बोट लावते. पण एक सांगते, सोंडे आधीच झाले असतील तर पाला त्यांना मारत नाही, तेव्हा धान्य काढा, चाळा, ऊन दाखवा. पाला फक्त नवीन किडे दूर ठेवायला मदत करतो.

आणि हात जोडून सांगते, घरातल्या धान्यात विषारी गोळ्या टाकू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या त्या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू निघतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो. ही गोळी सामान्य माणसानं घरी वापरायची नाही असा नियम आहे, तरी हातोहात मिळते. विषाचं आपण पाहिलंय ना, 2017 साली यवतमाळ भागात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली.

संध्याकाळी गोठ्यात गोवरीवर निंबाचा, निर्गुडीचा पाला टाकून धूर करतो, त्यानं मच्छर, माशा कमी होतात, जनावर शांत उभं राहतं. गोठा उघडा असतो म्हणून चालतं. घरात मात्र दारं लावून धूर करू नका, लहान लेकरू किंवा दम्याचं माणूस असेल तर अजिबातच नको. आणि तान्ह्या बाळाला कापूर, निलगिरीचं तेल चोळू नका, झाडाचं आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात तीही नको, डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

आता या पडलेल्या निंबोळ्या वाया घालवू नका. गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा, कुटून ठेवा. परसबागेतल्या वांग्यावर, वालाच्या वेलावर मावा आला की 50 ग्रॅम पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर करायचं, चिमूटभर साबण, आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. त्याच दिवशी संपवायचं. निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर परदेशात पेटंट दिलं गेलं होतं, ते 2000 साली युरोपच्या पेटंट ऑफिसनं रद्द केलं, कारण भारतात हे आधीपासून माहीत होतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

साप पळवणारं झाड म्हणून कोणी काही विकायला आलं तर घेऊ नका बरं, साप उंदरामागे येतो, उंदरांची बिळं बुजवा, निजताना मच्छरदाणी गादीखाली खोचा.

आणि कुलर. उन्हाळा सरला की कुलर कोपऱ्यात जातो आणि तळाला पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा मच्छर त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत नवे मच्छर तयार, आणि तो दिवसा चावतो, तिथे कितीही तुळस चोळली तरी पुरत नाही. आठवड्यातून एकदा कुलर, टाकी, रांजण रिकामे करून घासून कोरडे करा, अंडी भिंतीला चिकटून राहतात म्हणून घासणं लागतं.

बांधावरचा निर्गुडीचा पाला मी काल तोडून आणला, सपरीत चादरीवर पसरलाय, येणाराजाणारा विचारतो कसला वास येऊन राहिला. चार-पाच दिवसांत तो कुरकुर वाजायला लागला की गहू भरायला घेईन.