खचतं जोशीमठ : बारा दिवसांत जवळपास साडेपाच सेंटिमीटर

(दृश्य : मलारी इन आणि माउंट व्ह्यू)

ही दोन हॉटेलं बघा. माथ्याकडे नजर न्या. जानेवारी २०२३ मध्ये ती अशी एकमेकांवर रेलली, आणि शेवटी दोन्ही पाडावी लागली.

हे जोशीमठ. उत्तराखंडातला चमोली जिल्हा, उंची सुमारे १,८७५ मीटर. बद्रीनाथला जाणारी वाट इथूनच जाते. वर औलीचे उतार, खाली विष्णुप्रयागाला अलकनंदा आणि धौलीगंगेचा संगम. आणि मधल्या उतारावर हे शहर.

(दृश्य : रस्त्यासाठी कापलेली कड)

कड कापली आहे तिथे शहराच्या पोटात काय आहे ते उघडं पडलंय. मोठाले धोंडे, मध्ये माती, वाळू. सलग कातळ नाही. फार पूर्वी वरून दरड आली, तिचा ढिगारा इथे साचला आणि त्या ढिगाऱ्यावर वस्ती उभी राहिली. ही माहिती आजची नाही. गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्र यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७६ मध्येच ती सरकारला लिहून दिली होती. उतारावरचे धोंडे सुरुंग लावून काढू नका, झाडं तोडू नका, पाणी जमिनीत मुरू देऊ नका, जड बांधकामं करू नका. पन्नासेक वर्षांपूर्वीचा कागद, आणि आज वाचला तरी त्यातला एकही मुद्दा जुना वाटत नाही.

त्यानंतर काय झालं ते कॅमेऱ्यात दिसतंच आहे. मजल्यावर मजला, आणि सांडपाणी थेट जमिनीत. जवळच्या डोंगरातून तपोवन–विष्णुगाड जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा जातो. २००९ मध्ये तो खणताना यंत्राने भूजलाचा साठा फोडला होता. शहर खचण्याशी आपल्या बोगद्याचा संबंध नाही, असं हा प्रकल्प उभारणारी सरकारी वीज कंपनी एनटीपीसी सांगते. इथल्या लोकांना ते पटलेलं नाही.

(दृश्य : रडार-प्रतिमा, रंगीत पट्टे)

आता हे चित्र. हे इंद्रधनुषी पट्टे कुणी रंगवलेले नाहीत. ते मोजमाप आहे.

युरोपचा सेंटिनेल-१ हा उपग्रह सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून जमिनीकडे रडारची लहर सोडतो. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. ती जमिनीवर आपटून परत येते. बारा दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेने येतो आणि त्याच जागेवर पुन्हा लहर सोडतो. मधल्या काळात जमीन जरा जरी खाली गेली असेल, तर लहरीला जाऊन-येऊन थोडं जास्त अंतर कापावं लागतं आणि ती परतताना तिचे चढउतार मागे पडलेले असतात. दोन वेळच्या नोंदींमधला हा फरक म्हणजे हे पट्टे. जांभळ्यापासून लालपर्यंत एक पूर्ण पट्टा म्हणजे जमीन २.८ सेंटिमीटर हलली, लहरीच्या लांबीच्या निम्मी, कारण लहर जाते आणि परत येते. रात्र असो, ढग असोत, रडारला अडचण नाही.

डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेने जुलै २०२० ते मार्च २०२२ या काळातल्या प्रतिमा तपासल्या. हा परिसर वर्षाला साडेसहा सेंटिमीटर वेगाने खचत होता. मग इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राचे आकडे आले. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२, सात महिन्यांत जवळपास नऊ सेंटिमीटर. आणि २७ डिसेंबर ते ८ जानेवारी, फक्त बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर.

जानेवारीत हा अहवाल संकेतस्थळावर आला आणि दोनच दिवसांत काढून टाकण्यात आला. संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कळवलं. ज्यांची घरं या पट्ट्यांच्या आत आहेत, त्यांनाच हे आकडे बघायला मिळू नयेत? हे आम्हाला मान्य नाही.

(दृश्य : भिंतीवरची चीर, तिच्यावर बसवलेलं मापक)

उपग्रहाला सगळं दिसतं असंही नाही. तो जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरतो आणि बाजूला तिरकं बघतो. त्यामुळे पूर्वेला किंवा पश्चिमेला झालेली हालचाल त्याला नीट कळते, उत्तरेकडे सरकलेली जमीन मात्र फारशी दिसत नाही. आणि जोशीमठचा उतार उत्तरेकडे, नदीकडे उतरतो. म्हणून जमिनीवर माणसं आणि यंत्रं लागतातच. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तडकलेल्या घरांमध्ये चिरांवर अशी मापकं बसवली. चीर रुंदावली की आकडा बदलतो. जीपीएसचा खांब जमीन कुठल्या दिशेला गेली ते सांगतो. खोल भोकात सोडलेली नळी वाकली, तर घसरण कुठल्या खोलीवर चालू आहे ते कळतं, आणि तिथल्या पाण्याचा दाब वेगळा मोजता येतो. मुरलेलं पाणी हेच तर ढिगारा सैल करतं.

(दृश्य : जोशीमठचा मारवाडी नावाचा भाग, उतारातून उसळणारं गढूळ पाणी. मग घरांवरच्या लाल फुल्या. निवेदन नाही.)

८६८ घरांना तडे गेले, त्यांतली १८१ धोक्याच्या भागात. शेकडो कुटुंबांना घर सोडून हॉटेलांत, शाळांत आणि नातेवाइकांकडे राहावं लागलं.

(दृश्य : श्रीहरिकोटा, प्रक्षेपण)

३० जुलै २०२५. नासा आणि इस्रोचा निसार हा रडार उपग्रह निघाला. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर दरड आली तीही ३० जुलैलाच, २०१४ मध्ये. माळीणसारखी दरड काही क्षणांत येते, तिचा इशारा रडार देईल असं आम्ही म्हणणार नाही. तिथे पाऊस मोजणारं यंत्र आणि वेळेवर हललेली माणसं हवीत. पण हळूहळू सरकणारे उतार सह्याद्रीतही आहेत, आणि त्यांच्यावर दाट झाडी आहे. सेंटिनेलची आखूड लहर पानांतच अडकते. निसारची एक लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांब आहे, ती झाडीतून खाली पोहोचते. दर बारा दिवसांनी तीच जागा, आणि माहिती सर्वांना विनामूल्य.

ती वाचता येणारा एक तरी माणूस डोंगराळ तालुक्यांच्या तहसील कचेरीत नेमा. आणि त्याने वाचलेले आकडे ग्रामसभेत, त्या गावच्या लोकांपुढे, मोठ्याने वाचून दाखवा.