डबकं, गवत आणि दूरचा मेंदू

(दृश्य: सहा चाकांचा रोव्हर, खडकाळ उतार. कॅमेरा चाकांच्या उंचीवर.)

पुढचं चाक दगडावर चढतंय. आता मागची चाकं बघा... एकानेही जमीन सोडलेली नाही. या रचनेला रॉकर-बोगी म्हणतात. स्प्रिंग एकही नाही, नुसत्या सांध्यांवर हलणाऱ्या दांड्या. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेला सोजर्नर याच रचनेवर चालला, आणि २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेला आपला प्रज्ञानही.

चढायचं कसं, ते चाकांना कळतं. चढायचं की वळसा घालायचा, ते मात्र डोळ्यांनी ठरवायचं.

(दृश्य: शेजारी शेजारी बसवलेले दोन कॅमेरे. समोर पाण्याचं डबकं.)

एकच दगड दोन कॅमेऱ्यांत किंचित वेगळ्या जागी दिसतो. या फरकावरून अंतर काढता येतं. दगड जवळ असेल तर फरक मोठा, लांब असेल तर जेमतेम. म्हणून लांबचं अंतर कायम अंदाजेच.

आणि समोर डबकं आलं, की हिशोबच फसतो. पाण्यात ढगाचं प्रतिबिंब पडलेलं असतं. रोव्हरच्या लेखी तिथे खोल खड्डा! गवताचं नेमकं उलटं. ज्यातून तो सहज पार होईल, ती त्याला भिंत वाटते.

हे पाणी, हे गवत, हा खडक, असं चित्रातलं ओळखायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे ढीगभर चित्रं दाखवून शिकवलेला प्रोग्राम लागतो. मोठं नेटवर्क चालवायला दणकट प्रोसेसर हवा, आणि तो गाडीवरच बसवला तर चाकांच्या वाट्याची बॅटरी तोच खातो. मग चित्रं दूरच्या सर्व्हरकडे, म्हणजे मोठ्या संगणकाकडे धाडावीत, विचार तिकडे व्हावा. या कल्पनेला रोबोटतज्ज्ञ जेम्स कफनर यांनी २०१० मध्ये ‘क्लाउड रोबोटिक्स’ असं नाव दिलं.

कागदावर झकास. पण ६४० बाय ४८० पिक्सेलचं एक साधं रंगीत चित्र म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० बाइट. सेकंदाला अशी ३० चित्रं, तीही दोन कॅमेऱ्यांची: सेकंदाला ४४ कोटी बिट. दाबून लहान केली, तर ज्या बारीक खुणांवरून अंतर काढायचं त्याच पुसट होतात. शिवाय सेकंदाला एक मीटर वेगाने जाताना उत्तर अर्ध्या सेकंदाने आलं, तर गाडी तोवर अर्धा मीटर पुढे. मध्ये खड्डा असेल, तर ते उत्तर काय कामाचं?

म्हणून ब्रेक क्लाउडच्या, म्हणजे त्या दूरच्या सर्व्हरच्या हाती देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. अंतर मोजणं, थांबणं, चाक घसरतंय का ते पाहणं, हे सगळं गाडीवरच. २००५ मध्ये मंगळावर ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर वाळूत रुतला तेव्हा चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी. पाच आठवडे गेले सुटायला. नुसते चाकांचे फेरे मोजून भागत नाही. आधीच्या चित्रातले खडक पुढच्या चित्रात किती सरकले, तेही बघावं लागतं.

क्लाउडकडे सावकाशीची कामं द्यावीत. तुकडे जोडून मोठा नकाशा करणं, नेटवर्कला नव्या चित्रांवर शिकवणं, एका रोव्हरला सापडलेला चिखल दुसऱ्याच्या नकाशावर टाकणं.

(दृश्य: रोव्हर टेकडीआड जातो. पडद्यावरचा सिग्नल शून्यावर.)

रेंज गेली. समोर गुडघाभर गवत. आत्तापर्यंत सर्व्हर सांगत होता, ‘गवत आहे, जा.’ आता सांगणारं कुणी नाही. रोव्हर वेग कमी करतो, थबकतो. गवताची पुन्हा भिंत झालेली असते. तो डावीकडे वळतो आणि लांबचा वळसा घालायला लागतो.