अखाजीचा झोका

(दृश्य: तापीचं पात्र, सकाळची वेळ. पलीकडे थाळनेरच्या किल्ल्याचे अवशेष.)

थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याने इथून खानदेशचा कारभार हाकला. किल्ला आता बराचसा ढासळलाय. फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत.

आपण ज्या राणीला भेटायला निघालोय, ती मात्र इथे कधीच होऊन गेली नाही. जवळच्याच एका गावात मारुतीच्या पारावर रात्री आठनंतर काही पोरं नाटक बसवतात. ती राणी त्यांच्या डोक्यातून निघालीय.

(दृश्य: पार, एकच बल्ब, जमिनीवर खडूने आखलेला रंगमंच.)

त्यांच्या राज्यात एक कुंड आहे. कुंडातलं पाणी देवाचं, माणसाची घागर लागली की ते बाटतं, अशी तिथल्या सेवकांची श्रद्धा. तीन वर्षं पाऊस पडत नाही. राणी कुंडाचं कुलूप तोडते, पाणी पाटाला सोडते आणि पहिली पाळी देते अगदी शेवटच्या शेताला.

पाण्याची पाळी म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी देईल तसं पाणी घ्यायचं. शेतकऱ्यांनीच उभी केलेली, त्यांनीच सांभाळलेली ही रीत. राणीचं राज्य पोरांनी कल्पनेतून उभं केलं, पण तिचा गुन्हा त्यांना इथल्याच रानात सापडला.

सात सेवक शपथ घेतात. राणी मेली पाहिजे. आणि दिवस ठरतो अखाजीचा.

(दृश्य: खापरावरची पुरणपोळी. निंबाच्या फांदीला दोर. गौराईची मांडणी.)

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. खानदेशात तो लेकीबाळींचा सण. मुऱ्हाळी पाठवून लेकीला माहेरी आणायचं, गौराई बसवायची, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस करायचा, निंबाला झोके बांधायचे. झोक्यावर बसून बाई जी गाणी म्हणते, त्यात सासरचं सगळं येतं. वर्षभरात एवढेच दिवस तिला कोणी उठ म्हणत नाही.

नाटकातली राणीसुद्धा माहेरी येते. मुकुट उतरवून, पहारा मागे ठेवून. मारेकरी येतात ते मुऱ्हाळ्यांच्या वेषात, दमणी हाकत. बहिणीला न्यायला आलेल्या भावाला वेशीवर कोण अडवणार? ही युक्ती पोरांना असीरगडाने दिली. मलिक राजाचा मुलगा नसीरखान याने तो गड आसा अहिराकडून कसा घेतला, ते फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. बायकामुलांना आसरा द्या, अशी विनवणी केली आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई वर चढवले.

इथपर्यंत नाटक झकास चाललं होतं. मारेकरी डोळे वटारत होते, गडगडाटी हसत होते. मग एका रात्री तालमीला बसलेल्या एका आजीने मध्येच विचारलं, “राणीले काबरं मारतस?”

पोरं म्हणाली, ते दुष्ट आहेत म्हणून. आजी म्हणाली, मग देवाचं नाव काबरं घेतस?

त्या रात्री तालीम पुढे गेली नाही. त्यानंतर पोरांनी वाचायला घेतलं. मला या पोरांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

(दृश्य: जुन्या चित्रांवरून फिरणारा कॅमेरा.)

इंग्लंडची प्रोटेस्टंट राणी, पहिली एलिझाबेथ. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी तिला बहिष्कृत केलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. १६ वर्षांनी अँथनी बॅबिंग्टन या २४ वर्षांच्या कॅथलिक तरुणाने तिच्या कैदेतल्या मेरी स्टुअर्टला, स्कॉटलंडच्या माजी कॅथलिक राणीला, सांकेतिक लिपीत कळवलं: माझे सहा मित्र राणीला संपवतील. पत्रं बिअरच्या पिंपात लपवून जात. आणि एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम ती आधीच वाचत होता. सप्टेंबर १५८६ मध्ये बॅबिंग्टनला हालहाल करून मारलं. पुढच्या फेब्रुवारीत मेरीचं शिर उतरवलं.

बॅबिंग्टन खात्यापित्या घरचा होता, शिकलेला होता. त्याच्यासोबत जॉन सॅव्हेज होता. त्याने तर राणीला मारण्याची शपथच घेतली होती. शपथ! आपल्याकडे माणूस सत्यासाठी घेतो ती. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कट्यार फार उशिरा निघते. त्याआधी कितीतरी दिवस कोणीतरी त्या हाताला सांगत असतं, की हे पाप तुला लागणार नाही.

आपल्या जवळची चांदबिबी. तिच्यावर धर्माचा आरोप नव्हता, फितुरीचा होता. १५९६ साली मोगलांपासून अहमदनगरचा किल्ला राखणारी हीच बाई. १६०० साली मोगल पुन्हा तटाला भिडले, तेव्हा अकबर आपल्या खानदेशात, बुऱ्हाणपुरात होता. तिने तहाचा विचार केला. तिच्याच दरबारातल्या हमीदखानाने ‘बाई फितूर झाली’ अशी हाकाटी केली आणि तिच्याच लोकांचा जमाव तिच्या महालात घुसला. ती गेली, पाठोपाठ किल्लाही गेला.

(दृश्य: पुन्हा पार. सात जण गोलात बसलेले.)

आता मारेकरी हसत नाहीत. कटाचा प्रवेश आरतीने सुरू होतो. म्होरक्याचं काम करणारा पोरगा दिवसा केळीचे घड गाडीत भरतो. हात जोडून तो देवाला विनवतो, “माझ्या हाताला बळ दे.” आवाज मऊ आहे, डोळ्यांत पाणी आहे. पारावर बसलेल्या बाया गप्प होतात. आधीच्या आरडाओरड्याला त्या हसायच्या.

आणि एक नवी भर पडलीय. झोक्याचा दोर कापून राणीला मारायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याची बहीणही त्या अखाजीला माहेरी आलीय. तिचंच शेत पाटाच्या शेवटच्या टोकाला आहे. राणीच्या मांडीला मांडी लावून ती त्याच झोक्यावर बसते आणि गाणं सुरू करते. पुढे काय होतं, यावर पोरांची अजून रोज भांडणं होतात. मला विचाराल, तर माझं मत ‘राणीला का मारता’ विचारणाऱ्या आजीच्या बाजूने.

(दृश्य: अखाजीच्या आदल्या दिवसाची दुपार. गावाबाहेरचा निंब.)

प्रयोगाचा झोका आणि गावातल्या लेकींचा झोका एकच आहे, कारण तेवढा जाड दोर गावात एकच मिळाला. दोर कापणाऱ्याचं काम करणारा पोरगा झाडावर चढलाय. गाठ मारतो, सोडतो, पुन्हा मारतो. मग खाली उतरून दोन्ही हातांनी दोराला लोंबकळतो. एकदा, दोनदा. गाठ सरकत नाही.

खाली त्याची बहीण उभी आहे. कालच सासरहून आलीय.