थर जाड झाला म्हणून काम वाढत नाही

तर मंडळी, विषय अमोनियाचा. आपल्या घरांतून निघालेल्या सांडपाण्यात लिटरमागे साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असतो, आणि तो काढला नाही तर आपल्या नागपूरच्या नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे थेट गोसीखुर्द धरणात जातो. माशांना तो विषारी. पाणीपुरवठ्याच्या प्लँटवाल्यांनाही नकोसा, कारण टाकलेलं क्लोरिन आधी तोच संपवतो. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या भारतीय मानकात मर्यादा लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम आहे.

हा काढतात जिवाणू. नायट्रोसोमोनास अमोनियाचा नायट्राइट करतो, नायट्रोस्पायरा त्याचा नायट्रेट करतो, आणि 2015 मध्ये तर कळलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही कामं एकटेच करतात. अडचण एवढीच की हे लोक वाढतात फार हळू, दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवस सहज लागतो, आणि तोवर वाहत्या पाण्याबरोबर टाकीबाहेर जातात, म्हणून मग त्यांना चिकटून बसायला प्लास्टिकचा मीडिया द्यायचा, एमबीबीआरमध्ये, म्हणजे असा मीडिया पाण्यात फिरता ठेवणाऱ्या टाकीत, ते छोटे तुकडे गरगर फिरताना तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील, त्यावर बसतो तो बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म.

आता साहजिकच वाटतं, थर जितका जाड तितकं काम जास्त. नाही! एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यात ऑक्सिजन विरघळतो तोच मुळात थोडा. पंगतीत पहिल्याच काही पानांवर भाजी संपावी तसं वरचे जिवाणू ऑक्सिजन घेऊन टाकतात, खालच्यांपर्यंत काही पोचतच नाही. बहुतेक वेळा ऑक्सिजन 100-200 मायक्रोमीटरच्या आतच संपतो, त्याखालचा थर नुसता बसलेला.

गणित इथेच कामी येतं. ऑक्सिजन आत झिरपतो तो फिकच्या नियमानं (जास्तीकडून कमीकडे), वापरला जातो तो मोनोच्या समीकरणानं (खाणं जितकं मिळेल तितका वेग, पण एका मर्यादेपर्यंतच), आणि दोन्ही एकत्र मांडले की दिसतं, पृष्ठभागावर ऑक्सिजन चौपट केला तर काम दुप्पट होतं, कारण संबंध वर्गमुळाचा आहे. म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम ऑक्सिजनवर चालणाऱ्या टाकीत काम दुप्पट करायला 8 हवेत. आणि 30 अंशाच्या पाण्यात साध्या हवेतून मावतो जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास! हवा सोडणारा ब्लोअर कितीही चालवा, बिल वाढेल, 8 येणार नाही.

पण यात एक गोष्ट राहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बायोफिल्मच्या वर, तिला लागून पाण्याचा एक पातळ संथ पापुद्रा असतो, ऑक्सिजनला आधी तो ओलांडावा लागतो. हा पापुद्रा या गणिती मॉडेलमध्ये घातला की वर्गमुळाचा संबंध सरळ रेषेकडे सरकतो, आणि मग लक्षात येतं की हवेचं अर्धं काम ऑक्सिजन देणं आहे तर अर्धं पाणी ढवळून तो पापुद्रा पातळ करणं आहे. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटरवर तोच आकडा दिसत असतानाही ढवळणं कमी पडलं तर अमोनिया वाढू शकतो, ऑपरेटर बिचारा डोकं खाजवत बसतो.

दुसरं म्हणजे शेजारी. सेंद्रिय घाण खाणारे जिवाणू कितीतरी भरभर वाढतात आणि वरची जागा बळकावतात, आपले अमोनियावाले जिवाणू, म्हणजे नायट्रीफायर, दबतात खाली, जिथे ऑक्सिजन नाही. ही जागेची मारामारी वॅनर आणि गुयर (Gujer) या संशोधकांनी 1986 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये समीकरणांत बसवली, आजही बायोफिल्मच्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात तोच विचार आहे. म्हणूनच बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) आधीच्या टाकीत उतरवल्याशिवाय पुढच्या टाकीकडून अमोनियाची अपेक्षा करू नका. अल्कलिनिटीचंही (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) बघा, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात 7.14 ग्रॅम जाते, कमी पडली की पीएच घसरतो आणि काम थांबतं.

आता आपल्या नागपूरचं. मेमध्ये बाहेर 45, टाकीतलं पाणी तितकं नाही तापत, पण तापतंच. गरम पाण्यात जिवाणूंची भूक वाढते आणि नेमका तेव्हाच ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे कामाचा थर आणखी पातळ. मोकळ्या तरंगत्या जिवाणूंना उन्हाळ्याचा जेवढा फायदा होतो तेवढा बायोफिल्मला होत नाही, आणि 20 अंशाचे आकडे पुस्तकातून उचलून नुसता तापमानाचा गुणक लावणारे इथेच फसतात. थंड देशांतल्या प्लँटवर बसवलेलं मॉडेल जसंच्या तसं इथे चालवणं मला अजिबात पटत नाही.

प्रोजेक्ट शोधणाऱ्या पोरांनो, हे करा. परवानगी काढून मेमध्ये एखाद्या एमबीबीआरवर पहाटे आणि दुपारी तीनला डीओ, तापमान, अमोनिया, अल्कलिनिटी मोजा, थोडा मीडिया लॅबमध्ये आणून वेगवेगळ्या डीओवर आणि वेगवेगळ्या ढवळण्यावर अमोनिया किती वेगानं उतरतो ते बघा. हेच जानेवारीत परत. मग मॉडेलमधले दोनच आकडे जुळवायचे, पापुद्र्याची जाडी आणि वाढीचा वेग, बाकीच्यांना सध्या हात लावू नका, नाहीतर कुठलाही आलेख कशालाही जुळतो.