निफाडच्या थंडीत सायकल

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाडचं नाव रोज सकाळच्या बातम्यांत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किमान तापमान मोजतात, आणि 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी राज्यभर जाते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, काय गं, खरंच एवढं गार आहे का? खरंच असतं. दहा अंशांच्या खाली तर दर हिवाळ्यात जातं. उत्तरेकडचं वारं सुटलं की पारा पाचाच्याही खाली उतरतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि रात्र मोठी. दिवसा तापलेली जमीन रात्रभर ऊब सोडत राहते, आणि गार, जड हवा गोदावरी-कादवेच्या सखल भागात साचून बसते. त्यामुळे सगळ्यांत कडक गारठा मध्यरात्री नसतो, उजाडता उजाडता असतो. आणि आमचा तालुका नेमका त्याच वेळी घराबाहेर पडतो.

थंडी पडली की निफाडात पहिली काळजी द्राक्षांची. मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, पिंक बेरीची, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडण्याची, धास्ती असते. मग पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबक चालू करून मुळांशी ओल ठेवायची. त्या शेकोट्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, आणि यायलाच हवेत, कारण वर्षभराचं कर्ज त्या घडांवर लटकलेलं असतं. पण त्याच बागेच्या बांधाकडेने, त्याच वेळी, एक मुलगी सायकलवर शाळेला निघालेली असते. तिचं दप्तर कॅरिअरला बांधलेलं असतं, ओढणीने डोळ्यांखालचा सगळा चेहरा झाकलेला असतो. आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे. मी शिक्षिका आहे, मी स्वतः सायकलनेच शाळेत जाते, त्यामुळे हा रस्ता आणि हा गारठा आम्हा दोघींचा एकच आहे.

गार हवेत सायकल चालवताना शरीराचं काय होतं, ते आधी सांगते. उभ्या माणसाला पाच अंश म्हणजे पाच अंश. पण सायकलवर ताशी पंधरा किलोमीटरने निघालात की उघड्या चेहऱ्याला तीच हवा दोन अंशांच्या आसपास असल्यासारखी झोंबते. अंगाभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो, तो वारा सतत काढून नेतो. पाय फिरत असतात म्हणून ते लवकर तापतात. छातीही तापते, एका किलोमीटरनंतर स्वेटरच्या आत घाम येतो. बोटं मात्र हँडलला चिकटून निश्चल असतात, त्यामुळे सगळ्यांत आधी तीच बधिर होतात. मग ब्रेक दाबायला वेळ लागतो, आणि हे धोक्याचं आहे. माझ्या वर्गातल्या मुली पायमोजे हातांत घालून येतात. ज्यांच्याकडे जास्तीचा जोड नाही, त्या ओढणीची टोकं मुठींभोवती गुंडाळतात. शाळेत आल्यावर पहिली पाच मिनिटं मी कुणालाही वही काढायला सांगत नाही. हात चोळू देते. ज्या हातात पेन धरता येत नाही, त्या हाताकडून शुद्धलेखनाची अपेक्षा कशी करायची?

सायकललाही थंडी लागते. संध्याकाळी घट्ट भरलेली चाकं पहाटे थोडी मऊ लागतात. मुलींना वाटतं पंक्चर झालं. बहुतेक वेळा पंक्चर नसतं, ट्यूबमधली हवा गार होऊन आकसलेली असते. पंचवीस अंशांत चाळीस पौंड भरलेली हवा पाच अंशांत छत्तीसवर येते. पायडल जड जातं त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे घट्ट झालेलं ग्रीस. विज्ञानाच्या पुस्तकात वायूचा नियम येतो तेव्हा मी वर्गाला सरळ सायकलींच्या रांगेपाशी नेते. तिथे एकेकीने आपलं चाक दाबून बघितलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट.

हिवाळ्यात सगळ्यांचेच चेहरे झाकलेले असतात. कानटोपी, मफलर, ओढणी, अंगावर वडिलांचं जुनं जर्किन. पहाटेच्या धुईत वीस हातांवरून येणारं माणूस कोण, ते चेहऱ्यावरून कळत नाही. तरी आम्ही एकमेकांना ओळखतो. दूधवाल्या काकांची सायकल किटल्यांच्या आवाजाने कळते. पेपरवाल्या दादांचं पुढचं मडगार्ड खडखडतं. आठवीतल्या एका मुलीची चेन दर फेऱ्याला चेनकव्हरला घासते. मागे मी तिला म्हटलं, अगं, दुकानात दाखव, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, "नको बाई, आवाज ऐकून आजी दार उघडते." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एरवी आमच्याकडे मुलगी कुणाची तरी असते. अमक्याची नात, तमक्या वस्तीवरची, फलाण्याची धाकटी. रस्त्यात भेटलेला माणूस आधी विचारतो, कुणाची गं तू? सायकलवरून जाणाऱ्या मुलीला थांबवून हे विचारायला कुणाला वेळ मिळत नाही. ती निघून जाते. वस्तीपासून शाळेपर्यंतची ती वीस-पंचवीस मिनिटं तिची स्वतःची असतात. त्यात ती गाणं म्हणते, मैत्रिणीशी भांडते, पाढे म्हणते, काहीच न करता नुसती पायडल मारते. वाटेत कुत्रं मागे लागलं तर काय करायचं, ट्रॅक्टर आला तर कुठे उतरायचं, हे ती ठरवते. गेली अनेक वर्षं मी बघते आहे, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून येणारी मुलगी आणि स्वतः सायकल मारत येणारी मुलगी, दोघी वर्गात सारख्याच हुशार असतात. पण सहलीला जायचं का, पुढे कुठल्या शाखेला जायचं, असं विचारलं की दुसरी "घरी विचारून सांगते" म्हणायच्या आधी स्वतःला काय वाटतं ते सांगते. हे मी कुठल्या अभ्यासातून सांगत नाही, माझ्या वर्गातून सांगते.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास अशा १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. पेठ, सुरगाणा हे आमच्या जिल्ह्यातले आदिवासी तालुके त्यात आहेत. शाळा सुटण्याचं एक मोठं कारण अंतर असतं, आणि अंतराला सायकलइतका स्वस्त उपाय नाही. पण त्या सायकलीने मुलीला आणखी जे मिळतं, ते कुठल्याही तक्त्यात भरता येत नाही. ते मला माहीत आहे, कारण ते मला मिळालं आहे.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. मिग विमानं तयार करण्यासाठी हा कारखाना १९६४ साली सुरू झाला. माझ्या लहानपणी पाळी सुटली की फाटकातून सायकलींची रांग बाहेर पडायची. जगातल्या वेगवान विमानांचे भाग जुळवणारी माणसं चोवीस इंची सायकलवर डबा अडकवून घरी येत, आणि त्यात त्यांना काहीच कमीपणा वाटत नसे. वडिलांच्याच सायकलवर मी शिकले, दांडीखालून पाय घालून, कारण सीटवरून पाय पोहोचत नव्हता. हिवाळ्यात ते दांडीला गोणपाट गुंडाळत, म्हणजे पुढे बसलेल्या धाकट्याला लोखंड गार लागणार नाही. वडील गेले. आजही कुणी जुने कामगार भेटले की म्हणतात, गोणपाटवाल्याची मुलगी ना तू? माणसाची ओळख अशीही राहते.

मला गावात सायकलवाल्या बाई म्हणतात. साडी नेसून, वर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, अशी मी सगळ्यांच्या ओळखीची आहे. नोकरी कायम झाली तेव्हापासून लोक सांगतात, बाई, आता स्कूटी घ्या, आता तर परवडतं. या बोलण्यात माया असते, मला ठाऊक आहे. पण त्यात एक गृहीतही असतं, की सायकल ही ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याची. या समजुतीचा सगळ्यांत जास्त त्रास मुलांना होतो. नववीतला मुलगा सायकल शाळेपासून लांब, झाडामागे लावतो, कारण त्याच्या मित्राला मोटारसायकल मिळाली आहे. वयाची अठरा पूर्ण नाहीत, लायसन नाही, तरी मिळाली आहे. म्हणून मी माझी सायकल शाळेच्या फाटकासमोर, सगळ्यांना दिसेल अशी लावते. काही मुलं आता शेजारी लावतात.

रविवारी सकाळी आमच्या रस्त्यावरून नाशिकचे सायकलस्वार जातात. हेल्मेट, हातमोजे, मागे लुकलुकणारा लाल दिवा, दूर अंतरावरूनही दिसतील असे कपडे. मला ते बघायला मनापासून आवडतं. नाशिकला सायकलींचं वेड लावण्यात डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचा मोठा वाटा आहे. २०१५ साली या दोघांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोघांच्या संघाने ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. मी वर्गात त्यांची गोष्ट सांगते तेव्हा मुलं विचारतात, बाई, एवढे दिवस झोपायचे कधी? मग आळीपाळीने कसं चालवतात ते नकाशा काढून सांगते. आणि नंतर त्यांना सांगते की तुमच्या गावातले पेपरवाले दादा पहाटे साडेचारला गठ्ठे उचलतात, पाच अंशांत, आणि एकही दिवस चुकवत नाहीत. त्यांचं नाव सायकलवाल्यांत घ्यायचं की नाही? मुलं एका आवाजात हो म्हणतात. मोठ्यांनी मात्र हा प्रश्न स्वतःला फारसा विचारलेला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिवस ठरवला. तेव्हा आमच्याकडे शाळा उघडलेल्या नसतात. माझ्या हातात असतं तर निफाडपुरता तो दिवस मी जानेवारीत, सकाळी साडेसहाला ठेवला असता.

कारण साडेसहाला अंधार असतो. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि सकाळ सत्राची शाळा सव्वासातला भरते. म्हणजे पाच किलोमीटरवरच्या वस्तीतली मुलगी निम्मा रस्ता अंधारात कापते. नदीकाठी धुई असते. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आमच्याच तालुक्यात आहे. हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी बघायला पहाटेच गाड्या येतात. या, जरूर या. आम्हाला त्या पाणथळीचा अभिमान आहे. फक्त पाणवठ्यावर चक्रवाकाची जोडी ज्या काळजीने शोधता, त्याच काळजीने रस्त्याची डावी कड बघत या. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या दादांनाही माझं तेच सांगणं आहे. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि समोर सायकल दिसली की दिवा खाली करा. समोरून प्रखर उजेड आला की सायकलवरच्याला रस्ता दिसेनासा होतो, आणि मग तो साइडपट्टीच्या खडीत उतरतो.

२०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, लहान मुलांच्या झोपेसाठी. चांगला निर्णय. पण लहान मुलं बहुधा शाळेच्या जवळची असतात, किंवा त्यांना कुणी तरी पोहोचवतं. एकट्याने सायकलवर लांबून येतात त्या आठवी, नववी, दहावीच्या मुली. ज्या शाळांना शक्य आहे त्यांनी निदान १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी एवढे दिवस सकाळचं सत्र पाऊण तास पुढे न्यावं. खर्च शून्य आहे. वेळापत्रक पुन्हा लिहावं लागेल, ते लिहायला मी तयार आहे, आमच्या शाळा समितीपुढे मी तसा अर्जही दिला आहे. एसटीच्या वेळा आड येतात असं उत्तर मिळालं. त्या वेळा आगारात जाऊन विचारता येतात, पुढच्या आठवड्यात आम्ही चार पालक आणि दोन शिक्षक मिळून विचारणार आहोत.

तोवर, ऐकणाऱ्या आईवडिलांना आज संध्याकाळपुरतं एक काम सांगते. मुलीच्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरा, थोडी जास्तच. ब्रेकचे रबर बघा, झिजले असतील तर बदला. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर नसेल तर सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळेल. चेनला दोन थेंब तेल सोडा. आणि हातमोज्यांचा एक जोड आणा, तिच्या मापाचा, भावाचा जुना नको.

नमस्कार.