कॅराव्हॅन ओढायची गाडी: आधी काटा, मग ब्रेक, मग बाकीचं

नमस्कार मंडळी. इंदूरच्या सुदामानगरातल्या एका काकांनी विचारलंय. घरात फोर बाय फोर स्कॉर्पिओ-एन आहे, आता मागे छोटी कॅराव्हॅन जोडून काकूंबरोबर महेश्वर, मांडू, हनुवंतिया असं निवांत फिरायचंय. गॅरेजवाल्यानं यादी करून दिली आहे: गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, इंजिनचं रीमॅप (म्हणजे संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवणं), पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यावर विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र. यातलं आधी काय करू?

काका, यातलं काहीच नाही. ही यादी खडकाळ रानात एकटी गाडी घालण्याची आहे. कॅराव्हॅन ओढायला गाडीकडून वेगळंच काम करून घ्यायचं असतं. इंदूरहून दक्षिणेला कुठेही जा, मानपूरकडून उतरा नाहीतर खंडवा रोडचा भेरूघाट घ्या, माळव्याचं पठार संपतं आणि तुम्ही खाली नर्मदेच्या खोऱ्यात जाता. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे सहलीची सुरुवातच चारशे मीटर खाली उतरण्यानं होते. त्या उतारावर गाडी आणि कॅराव्हॅन दोन्ही ताब्यात राहिल्या पाहिजेत. पैसा आधी तिथे घाला.

[गाडीच्या मागे उभं राहून, हिच, म्हणजे कॅराव्हॅन जोडायची जागा, दाखवत]

आधी वजन, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. कॅराव्हॅन भरा. गॅस सिलेंडर, गाद्या, भांडी, पाणी, सगळं. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी म्हणजे एक जास्तीचा मोठा माणूस. मग धर्मकाट्यावर न्या. देवास नाक्याला, पालद्याला काटे आहेतच. नुसती कॅराव्हॅन, नुसती गाडी, मग दोन्ही जोडून आणि शेवटी गाडीचं फक्त मागचं ॲक्सल काट्यावर ठेवून, अशा चार पावत्या घ्या. विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन बहुतेक वेळा रिकाम्या कॅराव्हॅनचं असतं, त्याच्यावर विसंबू नका.

आता हिशेबासाठी धरू या की भरलेली कॅराव्हॅन १,१०० किलो आणि माणसांसकट गाडी २,४०० किलो. दोन्ही मिळून ३,५००. कॅराव्हॅनच्या वजनाचा साधारण १० टक्के भाग हिचवर पडायला हवा, म्हणजे ११० किलो. हिच मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे आहे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.७५ मीटर आहे. मागे दाबलं की पुढचं उचललं जातं. ११० गुणिले १.१ भागिले २.७५, म्हणजे ४४ किलो पुढच्या चाकांवरून निघून जातात आणि मागच्या ॲक्सलवर ११० नाही, १५४ किलो वाढतात. वर डिकीतलं सामान आणि मागच्या सीटवरची माणसं आहेतच. वळवण्याचं काम पुढची चाकं करतात, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच, आणि नेमकी तीच हलकी झाली. कॅराव्हॅन जोडल्यावर स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं लागतंय असं कोणी खुशीत सांगितलं तर त्याला आधी काट्यावर पाठवा.

हिचवरचं वजन मात्र ट्रकच्या काट्यावर नीट कळत नाही. तो काटा बहुतेक दहा-वीस किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. घरी कॅराव्हॅन जोडलेली असते त्याच उंचीवर, सपाट जागी, कॅराव्हॅनच्या पुढच्या, हिचला जोडायच्या दांडीच्या टोकाखाली वजनकाटा ठेवून बघा. माणसांचा काटा १२०-१५० किलोपर्यंतच मोजतो, तेवढ्यात भागलं तर ठीक. हे वजन कमी भरलं तर कॅराव्हॅनचं शेपूट जड आहे, आणि शेपूट जड असलेली कॅराव्हॅन वेगात डोलायला लागते. बाजूनं मोठा ट्रक गेला, हवेचा झोत आला की सुरुवात होते. म्हणून जड सामान तिच्या ॲक्सलच्या वर, जमिनीलगत. मागे बाहेर सायकली टांगू नका.

आणि डोलायला लागलीच तर? ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीचा ब्रेक कचकन दाबायचा नाही. कॅराव्हॅनच्या ब्रेकसाठी वेगळी कळ असेल तर फक्त तिचा ब्रेक हलकेच लावायचा, म्हणजे कॅराव्हॅन मागे ताणली जाऊन रेषेत येते. वेग वाढवून सरळ करतो म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट, ब्रेक. ३,५०० किलो घेऊन समजा तुम्ही ३०० मीटर खाली उतरलात, तर त्यातून सुमारे १ कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तीस लिटरहून जास्त पाणी उकळेल एवढी. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, राहिलेली इंजिन आणि ब्रेकनं पचवायची. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक नसतील तर २,४०० किलोच्या गाडीच्या ब्रेकवर जवळजवळ ४६ टक्के जास्त भार पडला. पॅड तापतात, पकड सुटते, आणि मग ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या तेलाची हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. ओढायच्या गाडीत कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ताजं तेल भरा आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदला. या सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि गॅरेजवाल्याच्या यादीत ते नव्हतंच.

कॅराव्हॅनचे स्वतःचे ब्रेक दोन प्रकारचे. एक ओव्हररन: गाडी थांबायला लागली की कॅराव्हॅन पुढे रेटते, त्या रेट्यानंच दांडीतला दट्ट्या आत जाऊन तिचे ब्रेक लागतात. साधं आहे, गाडीत काही बदलावं लागत नाही. पण लांब उतारावर कॅराव्हॅन सतत रेटत असते, त्यामुळे तिचे ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि ड्रम तापतात. दुसरे इलेक्ट्रिक: ड्रममध्ये चुंबक, ड्रायव्हरजवळ कंट्रोलर, गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून तो करंट देतो आणि हातानंही लावता येतो. आपल्या घाटांसाठी मी इलेक्ट्रिकच घेईन. भाग बहुतेक मागवावे लागतात, खर्च येतो, पण लिफ्ट किटचे पैसे वाचलेच आहेत ना. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला, म्हणजे मागे ओढायच्या गाडीला (कॅराव्हॅन त्यातच आली), ब्रेक नसले तरी चालतं. त्याच्या वर सक्ती. आपणही तीच रेषा पाळावी असं मला कळकळीनं वाटतं. शिवाय दांडीखाली दोन साखळ्या, एकमेकींना ओलांडून बांधलेल्या. हिच सुटली तर दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीवर पडते.

[क्लोज-अप: चेसिसला बोल्ट केलेला हिच]

हिच चेसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टनं बसलेला हवा. बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून गोळा ठोकून दिलेला असेल तर त्याला सायकलचा स्टँडसुद्धा लावू नका. उंचीही बघा: कॅराव्हॅन जोडल्यावर जमिनीला समांतर उभी राहिली पाहिजे. इथेच लिफ्ट किट नडतं. गाडी उंच झाली की हिच उंच होतो, कॅराव्हॅनचं नाक वर जातं, वजन मागे सरकतं, आणि वर गाडीचा गुरुत्वमध्यही चढतो. मागे गाडी बसत असेल तर उंच नाही, कडक स्प्रिंग हवी. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनरला मागे कॉइल आहे, तिथे भाराला योग्य जाड कॉइल मिळते. हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पिकअपला कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. तिथे ॲक्सल आणि चेसिसच्या मध्ये एअर बॅग (हवा भरलेली रबरी पिशवी, अपघातात उघडणारी नव्हे) घालण्याची फॅशन आहे, पण त्यानं सगळा भार चेसिसच्या एकाच ठिकाणी येतो. ऑस्ट्रेलियात अशा पिकअपच्या चेसिस वाकल्याची उदाहरणं आहेत. कमानीत पाटा वाढवा, बॅग नको. आणि कुठल्याही स्प्रिंगनं गाडीची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही, फक्त बसलेली गाडी सरळ दिसते.

टायर मोठे नकोत, भार पेलणारे हवेत. टायरच्या बाजूला आकारापुढे जो आकडा असतो, ११२ वगैरे, तो लोड इंडेक्स. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो. तुमच्या पावतीवरच्या मागच्या ॲक्सलशी ताडून बघा. हवा दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना.

रीमॅपबद्दल. स्कॉर्पिओ-एनच्या डिझेल फोर बाय फोरला १७५ पीएस आणि मॅन्युअलमध्ये ३७०, ऑटोमॅटिकमध्ये ४०० न्यूटन मीटर आहे. ६ टक्के चढावर, ताशी ४० नं, ३,५०० किलो वर न्यायला फक्त चढासाठी साधारण ३१ पीएस लागतात. ताकद कमी नाहीच. कमी पडते ती थंड करण्याची क्षमता. रीमॅपनं उष्णता वाढते. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर आणि तापमान दाखवणारा मीटर, हा माझ्या मते इंजिनाच्या बाजूचा एकमेव खरा बदल. चढावर गिअर हातानं खालचा धरा, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) सतत घसरत राहिला की तेल शिजतं.

ओढण्याची क्षमता कुठून येते हेही समजून घ्या. अमेरिकेतल्या एसएई जे-२८०७ या मानकात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ आहे, ११.४ मैलांचा. किमान ३८ अंश उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलर ओढत साध्या गाडीनं ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. अशा कसोट्यांतून आकडा ठरतो. म्हणून ‘फॉर्च्युनर ऑस्ट्रेलियात ३,१०० किलो ओढते’ हे खरं असलं तरी तुमच्या गाडीला लागू नाही. तुमच्या पुस्तिकेत जे लिहिलं आहे तेच तुमचं. तिथे आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी घ्या. शोरूममधलं ‘चालतं हो’ धरू नका. मे महिन्यात निमाडचं ऊन ३८ अंशांवर थांबत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करा असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय, तेव्हा यादीतला तो बंपर गेला. ट्रेलर कायद्याच्या व्याख्येत स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याला वेगळी नोंदणी लागते, आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसला पाहिजे, कलम ६१. नोंदणीसाठी त्याचं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेकडून मंजूर झालेलं हवं. विकत घेताना ते प्रमाणपत्र आधी मागा, रंग नंतर बघा. हिच आणि स्प्रिंगबद्दल आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट जास्त वेळ घेऊन सांगतो. कॅराव्हॅनचा फ्रीज १२ व्होल्टवर साधारण १२ अँपिअर ओढतो असं धरा. गाडीच्या बॅटरीपासून तिथपर्यंत सात मीटर, जाऊन-येऊन चौदा. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच सव्वा व्होल्टच्या आसपास खर्च होतो आणि फ्रीज नीट गार होत नाही. दहा चौरस मिलिमीटर घ्या, साधारण ०.३ व्होल्टवर काम होतं, बॅटरीजवळ फ्यूज लावून. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा जनरेटर, मध्येच व्होल्टेज खाली आणतो, म्हणून कॅराव्हॅनची बॅटरी भरायला व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर. आणि टेललाइटच्या वायरी सोलून जोड देऊ नका, स्वतंत्र रिले मॉड्यूल लावा.

फोर बाय फोर कधी लावायचं? कोरड्या डांबरावर कधीच नाही, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्समिशन आवळतं. पाऊस पडून गेल्यावर माळव्याच्या काळ्या मातीतून कॅम्पिंगच्या जागेवर जाताना, किंवा नर्मदेकाठच्या वाळूत, तिथे ते कामाला येतं.

पहिल्यांदा जोडून निघाल तेव्हा थेट घाट घेऊ नका. पहाटे मोकळा, सपाट रस्ता बघा, पन्नास-साठ किलोमीटर चालवा. मग थांबून चाकांचे नट आणि हिचचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. इन्फ्रारेड थर्मामीटरनं कॅराव्हॅनच्या चाकांचे मधले भाग, म्हणजे दोन्ही हब, बघा. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक घासतोय, तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाटाच्या दिवशी मानपूरला हेच पुन्हा करा. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. ब्रेक दाबून सोडा, दाबून सोडा, नुसता टेकवून ठेवू नका. पाण्याची टाकी खाली पोचल्यावर भरा. मात्र टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळचं हिचवरचं वजन घरीच मोजून ठेवा.